फुलपाखरांवर औषध

तिसरीच्या वर्गाच्या दारात एक उंच तरुण येऊन उभा राहिला आणि सगळ्या मुलांदेखत त्यानं माझ्या हातात औषधाची बाटली ठेवली.

“जंतावरचं आहे, टीचर.”

मी बघतच राहिले. केरीच्या शाळेत मी नुकतीच लागलेली… आणि हा कोण?

“मी देवेश, रेश्माचा मामा. पेडण्याला फार्मसी आहे माझी. तुमच्या पोटात फुलपाखरं शिरलीत, असं भाची म्हणाली.”

मुलं खिदळली. वर्ग तपासायला साहेब येणार म्हणून माझ्या पोटात ‘बटरफ्लाइज’ आहेत, म्हणजे धाकधूक होतेय — घसा फोडून शिकवलं होतं मी! रेश्माच्या डोक्यात राहिली फक्त फुलपाखरं.

पुढच्या आठवड्यात ‘कोल्ड फीट’ घेतलं. म्हणजे ऐन वेळी कच खाणं. हावभावांसकट सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामा लोकरीचे मोजे घेऊन हजर.

“पाय गार पडतात म्हणे?”

“अहो, वाक्प्रचार आहे तो! एवढंही कळत नाही?”

“कळतं की.” तो जनेलाच्या गजांना टेकून उभा राहिला. “कॉलेज इंग्रजीतूनच झालं माझं.”

“मग हा काय प्रकार?”

“शाळेत यायला काहीतरी निमित्त…” म्हणता म्हणता तो कानापर्यंत लाल झाला, आणि मी रागवायचं विसरले.

मग तो येतच राहिला. माझी बस चुकली की स्कूटरनं पेडण्यापर्यंत सोडायचा. वाटेत बोलायचा — बांगडा-सुरमईचे भाव, रस्त्यावरचे खड्डे, रेश्माचा पडलेला दात. हवं ते सोडून सगळं! वर्षभर!

मार्चमध्ये मला दूर वास्कोच्या शाळेत कायमची नोकरी मिळाली. त्या दुपारी तो फाटकापाशी थांबला होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“जाणार?”

“कायमची नोकरी आहे.”

“मग जायलाच हवं. मी अडवणार नाही. फक्त…”

“फक्त काय?”

“रविवारी दुकान बंद असतं. वास्कोला आलो तर… म्हणजे… तुम्हाला चालत असेल तर…”

“देवेश! किती ते आढेवेढे? सरळ बोला.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “गौरवी, तुम्ही मला आवडता. खूप.”

माझा आवाज मात्र चिडकाच निघाला. “हे सांगायला वर्ष लागलं? आणि रविवारी वास्कोला नको. आधी डिचोलीला आमच्या घरी या. बाबांना भेटा.”

“ह्याच रविवारी?”

“नाही, पुढच्या जन्मी!” मी ओरडले, आणि त्याच्या स्कूटरवर मागे जाऊन बसले.