पालथा वाडगा

“थडगं आपण तोआनसाठी बांधलं, खिएम. पण त्यात येऊन राहिलाय तो तोआन नव्हे.”

लुआ सुपारीच्या झाडाखालच्या रांजणातून पाणी काढत होती. सासूचं हे वाक्य तिच्या कानांसाठी नव्हतं. स्वयंपाकघराच्या कुडाच्या फटीतून ते आपणहून बाहेर आलं होतं. हातातली करवंटी तिने तशीच अधांतरी धरून ठेवली. पाण्यात सोडली असती तर आवाज झाला असता.

“हळू, आई. ती अंगणात आहे,” तिचा नवरा कुजबुजला.

“असू दे. ती आली त्या दिवसापासूनच तर हे सुरू झालं. आज बारा दिवस. मी मोजलेत.”

लुआनेही मोजले होते.

तोआन म्हणजे तिचा थोरला दीर. त्याला तिने पाहिलेलं नव्हतं. गेल्या वर्षी दिएन बिएन फूच्या रणात, फ्रेंचांच्या ए-वन टेकडीवर तो गेला. त्याच्या तुकडीतल्या जोडीदाराने येऊन सांगितलं होतं, की आम्ही पंधरा दिवस टेकडीच्या पोटात भुयार खणलं, सुरुंग भरला, टेकडी अर्धी आभाळात गेली, आणि मग आम्ही धावत वर चढलो. तोआन पुढच्या दहांत होता. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

देह मिळाला नाही की गावात वाऱ्याचं थडगं बांधतात. त्यात बाहुला पुरतात: तुतीच्या फांदीची हाडं, शेतातल्या काळ्या चिखलाचं मांस, आणि वर मेलेल्याचाच सदरा. धाकट्याचं लग्न निघालं तेव्हा सासूने आधी थोरल्याला हे घर करून दिलं, परसापलीकडे भाताच्या बांधावर. तेव्हापासून शंभर दिवस रोज दुपारी पितरांच्या देव्हाऱ्यासमोर त्याचा भाताचा वाडगा मांडायचा. जेवायच्या काड्या डाव्या बाजूला, कारण तोआन डावखुरा.

आधीचे दिवस भात तसाच राहायचा आणि मग कोंबड्यांच्या नशिबी जायचा. लुआ माप ओलांडून आली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाडगा पालथा सापडला. खाली एक शीतही नव्हतं.

“तोआनने जन्मात वाडगा पालथा घातला नाही,” आत सासू म्हणत होती. “भगताला विचारून आले मी. म्हणाला, घर रिकामं दिसलं की उपरा घुसतोच. आज दुपारी उकरायचं. तो बाहुला नदीत सोडायचा. ज्याचा कुणाचा असेल त्याने आपलं घर शोधावं.”

“आणि दादा?”

“त्याच्यासाठी नवा करू. माझं पोर तिकडे पावसात उभं असेल रे... आणि इथे त्याच्या घरात कुणीतरी भरल्या पोटी झोपलंय.”

लुआने करवंटी हलकेच रांजणाच्या काठावर ठेवली. वाडगा पालथा कोण घालतं हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तिचे बाबा सैनिक नव्हते. सायकलवर दोनशे किलो तांदूळ लादून, हँडलला बांबू बांधून, ती डोंगरातून ढकलत न्यायची एवढंच त्यांचं युद्ध. फ्रेंचांचं हिम लामचं ठाणं पडलं त्यानंतर ते दोन रात्री घरी आले होते, फाटलेला टायर बांधायला. जेवण झालं आणि त्यांनी वाडगा जमिनीवर पालथा घातला.

“हे काय बाबा? रुसलात?”

“सवय झाली पोरी. वरून बॉम्ब पडतात, माती उडते. पालथा ठेवला की उद्याला स्वच्छ मिळतो.”

“आणि तांदूळ उतरवला की काय, रिकामे परत?”

“रिकामं कोण येतं? जाताना तांदूळ, येताना माणसं. कुणाचा पाय गेलेला, कुणाचं काय. बसवायचं आणि आणायचं.”

“पुरे आता. घरी राहा.”

“खेपा संपेपर्यंत माणूस घरचा नसतो,” ते हसले होते. टायरला तिने स्वतः आपल्या जुन्या पोलक्याची चिंधी गुंडाळली, वर दोन गाठी मारल्या. ते गेले ते परतलेच नाहीत. सैनिकांच्या घरी जोडीदार येतात, निरोप येतात. हमालाच्या घरी कोण येणार? आई हाय खाऊन गेली, झोपडी विकली गेली. आणि लग्न झालेल्या मुलीने सासरच्या देव्हाऱ्यापुढे बापाच्या नावाची उदबत्ती लावायची नसते.

बोलली असती तर? पांढऱ्या पायाची म्हणाले असते. आंदणात भूत घेऊन आली म्हणाले असते. नव्या सुनेने सर्वांत आधी उठावं आणि सर्वांत शेवटी बोलावं, असा या घरचा नेम होता. पहिल्या अर्ध्याचा तिला फार उपयोग झाला. अंगणातल्या ओल्या मातीत रोज पहाटे एक चाकोरी उमटलेली असे. फाटकातून परसाकडे जाताना खोल, भरल्या सायकलची. परतताना उथळ. चाकाच्या दर फेऱ्याला दोन गाठींचे दोन खड्डे. सासूचे डोळे उघडायच्या आत लुआ ती झाडून टाकायची.

परसापलीकडे काय उतरवलं जातं, हे मात्र तिला उमगत नव्हतं.

दुपारी भुरभुर पाऊस होता आणि धुकं इतकं खाली, की बांधावरून बघितलं तर शेत दहा पावलांवर संपत होतं. खिएमच्या हातात कुदळ, सासूच्या हातात सूप, लुआच्या डोक्यावर टोपली. बाहुला तीत ठेवून नदीवर न्यायचा होता.

“तू लांब उभी राहा गं,” सासू म्हणाली. “नवी नवरी आहेस. धरेल तुला काही.”

खिएमने पहिला घाव घातला. माती ओली होती, आवाज झाला नाही.

“अहो...” लुआ म्हणाली.

“काय?”

तिने डोक्यावरची टोपली सावरली. “...पाऊस वाढतोय.”

“मग काय छत्री देऊ आणून? दिसतंय मला.”

दुसरा घाव. तिसरा. बेडूक ओरडत होते ते एकदम गप्प झाले. मातीतून वास आला. चिखलाचा नव्हे, सुरुंगाच्या जळक्या दारूचा, आणि त्यात मिसळलेला ताज्या भाताचा. सासूने डोक्याच्या फडक्याच्या टोकाने नाक दाबलं. खिएमने कुदळ बाजूला टाकली आणि गुडघ्यावर बसून हाताने माती काढायला लागला. मग त्याचे हात थांबले.

“आई... आपण किती पुरले होते?”

“किती म्हणजे? एकच. तूच नाही का बांधलास?”

“मग हे बघ.”

खड्ड्यात दोन होते. शेजारी शेजारी, दाटीवाटीने निजलेल्या भावंडांसारखे. एक त्यांचाच, काळ्या चिखलाचा, पण उघडा. त्याच्या अंगातला सदरा दुसऱ्याच्या अंगावर होता. आणि दुसरा लाल मातीचा होता. या मुलखात विहीर कितीही खोल खणली तरी लाल माती लागत नाही; ती डोंगरांतली.

सासू खड्ड्यात उतरली. तिने लाल बाहुल्याच्या छातीवर हात फिरवला, खांद्यावर, मग बाहीवर. उजवी बाही मनगटापर्यंत होती. डावी कोपरापर्यंत दुमडलेली.

“हे तू केलंस?” तिने खिएमला विचारलं.

“मी नाही गं.”

“तोआन असाच... एकच बाही दुमडायचा. डावीच. ओरडायचे मी त्याला.” तिने ती बाही मुठीत धरली. “कोणी आणलं याला? टेकडीवरून इथवर... कोणी आणलं?”

तेव्हाच तो आवाज आला. धुक्यात, बांधाच्या पलीकडे. टिक्. टिक्. टिक्. सायकल हाताने ढकलत नेली की मागचं चाक करतं तसा. तो जवळ येत नव्हता. डोंगरांच्या दिशेने, सावकाश, लांब चालला होता. बांधावर, जिथे आत्ता तिघं चालत आली होती, त्यांच्या पावलांच्या वरून एक ताजी चाकोरी गेलेली होती. उथळ. दर फेऱ्याला दोन खड्डे.

खिएमचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने आईला ओढून वर घेतलं, कुदळ उचलली आणि वेड्यासारखी माती लोटायला लागला.

“बुजवतो मी. आधी बुजवून टाकतो. वर दगड ठेवू, मोठा दगड...”

लुआने डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि त्याच्या कुदळीचा दांडा धरला. आल्यापासून तिने या घरात ‘हो आई’ आणि ‘वाढू का’ याशिवाय काही म्हटलेलं नव्हतं. 

“वाडगा पालथा घालतात ते माझे बाबा आहेत,” ती म्हणाली. “भाऊजींना त्यांनीच आणलं, आई, रोज थोडं थोडं करून. पण खड्डा बुजवू नका... त्या टेकडीवर अजून पुष्कळजण आहेत, आणि बाबांच्या खेपा संपलेल्या नाहीत.”