आत येणाऱ्या फेऱ्या

बस डेपोत टाइमकीपर असलेल्या त्या बाईला ड्रायव्हर लोक पाठीमागे घड्याळबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. सतरा वर्षं ती एकाच खिडकीत बसत होती. गाडी बाहेर पडली की डावीकडच्या रकान्यात वेळ लिहायची, आत आली की उजवीकडच्या. शिफ्ट संपताना दोन्ही रकाने जुळले नाहीत, तर तिला घास गोड लागत नसे.

आईच्या बँकेचं स्टेटमेंटही ती त्याच नजरेनं वाचायची. पाच महिन्यांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती अंथरुणाला खिळली होती. तिला पलंगावरून खुर्चीत बसवायलाही दोन माणसं लागत. औषधं, वीज, सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, सगळं लेकच बघत होती. एका रविवारी आईच्या उशाशी बसून स्टेटमेंट वाचताना तिला एक लांबलचक इंग्रजी नाव दिसलं. एकदा नाही, आठदा. रक्कम दर वेळी थोडी थोडी वाढत गेलेली.

सोमवारी तिनं बँकेत विचारलं. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, "टॅक्सी आहे मॅडम. अ‍ॅपवरून बोलावतात ना, ती. त्यांच्या कंपनीचं नाव वेगळं दिसतं, सगळेच येतात विचारायला."

"पण माझी आई पलंगावरून हलत नाही."

"मग कार्ड ज्या मोबाइलला जोडलंय, तो कोण वापरतं ते बघा."

शंकेची पाल चुकचुकायला एवढं पुरे होतं. आईचा मोबाइल उशाजवळ असायचा, आणि उशाजवळ दिवसभर दुसरं कोण असायचं? मावशी. अबोल, कामसू, पायात कायम झिजलेल्या चपला. टॅक्सीनं फिरणारी बाई वाटत नव्हती. पण चेहऱ्यावरून माणूस ओळखता आला असता तर डेपोत तिकिटं तपासायला कुणाला ठेवलंच नसतं.

संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरात असताना तिनं आईचा मोबाइल उघडला. अ‍ॅपमध्ये आठही फेऱ्या होत्या. आठही गुरुवारच्या, दुपारी तीनच्या आसपासच्या. कुठून, कुठे, किती वाजता, सगळं लिहिलेलं.

तिनं सवयीनं मनातल्या मनात दोन रकाने पाडले आणि थबकली. आठही फेऱ्या आईच्या घरी येणाऱ्या होत्या. बाहेर जाणारी एकही नव्हती.

मग तिनं निघण्याची ठिकाणं वाचली. पोस्ट. शाळा. दवाखाना. पेट्रोल पंप. छापखाना. पूल. बाजार. पाण्याची टाकी. ही यादी तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी पाठ म्हणता आली असती. चौदा नंबरच्या बसचे हे थांबे, एकही न वगळता, ओळीनं. त्यापुढचा थांबा बाग. आणि बागेसमोर, तिसऱ्या मजल्यावर, तिचं स्वतःचं घर.

त्या घरी राहायला जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. आईनं ते पाहिलं नव्हतं. दर रविवारी आई विचारायची, "मला तुझं घर कधी दाखवणार?" आधी पडदे लागायचे होते, मग रंग द्यायचा होता, मग आई पडलीच. "तीन जिने आहेत गं. जरा बरी हो, मग नेते." खरं सांगायचं तर तिला आई घरी नको होती. आई आली असती तर कपाटापासून कढईपर्यंत सगळ्याला नावं ठेवली असती. या गोष्टीची तिला लाज वाटायची, पण ती कुणापाशी बोलली नव्हती.

तिनं मावशींना हाक मारली आणि मोबाइल पुढे केला.

मावशींनी हात पुसले. पिशवीतून एक प्लॅस्टिकची डबी काढून टेबलावर उपडी केली. बसची तिकिटं पडली. आठ. प्रत्येक तिकीट एका माणसाचं.

"जाताना मी एकटी असते, ताई. बसनं जाते, माझ्या पैशानं."

"आणि येताना?"

"येताना आजी असतात ना. त्यांना बसमध्ये कसं चढवू? पाय मोडलाय त्यांचा."

घड्याळबाईच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याचाच तिला राग आला. "मावशी, मला मूर्ख समजता काय?"

"नाही हो."

"आई कुठे जाते? कशी जाते?"

"जातात कशा ते मला माहीत नाही. मी फक्त परत आणते."

समोरच्या काकूंकडे घराची किल्ली असायची. तिनं त्यांचं दार वाजवलं. काकू आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, मी बसते ना गुरुवारी तिच्याजवळ. पलंगावरच असते ती. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओ नाही. मावशी परत आल्या, की लगेच म्हणते, पाणी दे."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगणार होते?"

दोघी मिळून आपल्याला बनवताहेत, असं घड्याळबाईनं ठरवून टाकलं. तेच सोपं होतं. तिनं मावशींचा हिशेब चुकता केला आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मावशींनी आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि दारात चपला घालताना म्हणाल्या, "गुरुवारी कुणीतरी गेलं पाहिजे, ताई. उशीर झाला की त्यांचे हात गार पडायला लागतात."

नवी बाई मिळेना, म्हणून घड्याळबाईनं रजा टाकली. मंगळवार, बुधवार आई छान होती. उशीच्या अभ्र्यावरून तिनं लेकीला दोनदा सुनावलंही. गुरुवारी दुपारी लेक तिला सूप भरवत होती. बाहेर लख्ख ऊन. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाइपच्या पाण्याचा आवाज येत होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी आईचं तोंड हलायचं थांबलं.

डोळे उघडे होते. चमच्यातलं सूप हनुवटीवरून खाली ओघळलं.

"आई. आई गं."

श्वास चालू होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, तासाभरात येतो. तिनं आईचा हात हातात घेतला. बोटांची टोकं गार होती.

मग तिनं मावशींना फोन लावला.

"मी दुसरीकडे कामाला लागले, ताई," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच जा. तसंही त्या तुमचीच वाट बघत असतील."

काकूंना पलंगाशी बसवून, आईचा मोबाइल पर्समध्ये टाकून ती धावत खाली आली. चौदा नंबरची बस समोरच उभी होती. तिनं एक तिकीट काढलं. नऊ थांबे तिनं घड्याळाकडे न बघता काढले. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

बागेच्या थांब्यावर बाक होता. त्यावर कुणीच नव्हतं. दोन जड पिशव्या घेतलेली एक बाई मात्र बाकाशेजारी उन्हात उभी होती.

"बसा ना," घड्याळबाई म्हणाली.

"नको, असू दे. त्यांना टेकू दे नीट," असं म्हणून ती बाई आलेल्या बसमध्ये चढून गेली.

घड्याळबाईनं आईच्या मोबाइलवरून टॅक्सी बोलावली. ठिकाण टाकलं, आईचं घर. गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं मागचं डावं दार उघडलं आणि धरून ठेवलं. बराच वेळ.

"सावकाश," तो म्हणाला, आणि दार हलकेच लावलं.

ती दुसऱ्या बाजूनं बसली. शेजारी बघायचं धाडस होईना. खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली, "चल आई. घरी जाऊ."

गाडी निघाली. कोपऱ्यावर डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळली.

"इकडे कुठे? पत्ता टाकलाय ना मी?"

"हो, पण आजी म्हणाल्या, आधी लेकीचं घर बघायचंय." त्यानं आरशात पाहिलं. त्याची नजर तिच्याकडे नव्हती. "इथेच तर आहे म्हणाल्या. तिसरा मजला."

"नको. मागे फिरवा. लगेच मागे फिरवा!"

गाडी तिच्या इमारतीखाली थांबली.

पर्समध्ये तिचा फोन वाजायला लागला. समोरच्या काकू. तो वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा वाजायला लागला.

तिनं फोन उचलला नाही. ती शेजारच्या सीटकडे बघत होती. सीट रिकामी होती. तिच्यावरचा पट्टा मात्र नीट ओढून लावलेला होता, आणि आता तिच्या डोळ्यांदेखत तो खट्कन सुटला.