एकवीस दिवस पुढचा ठणका

जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो. ऊनवारा लागला की तो कठीण होत जातो. म्हणजे कोकणातलं घर बांधून होतं आधी, पक्कं होतं नंतर.

*

पाय-तपासणी केंद्राच्या दारावरची पाटी: "कळ आली म्हणजे इजा झाली असे नव्हे. रडू नये. धागा असणाऱ्यांनी वेल्डिंग, इंडक्शन शेगडी यांपासून हातभर लांब राहावे. चपला बाहेर."

*

बसच्या चाकातलं बेअरिंग आधी गुणगुणतं, मग कुरकुरतं, मग ओरडतं. ओरडल्यावर ज्याला कळतं तो प्रवासी. गुणगुणताना ज्याला कळतं तो मेकॅनिक.

*

जे मूल जन्मताना डोक्याऐवजी पाय पुढे करून येतं, ते पायाळू. अशा माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण निघून जाते, असं म्हणतात. आभाळ गडगडलं की त्याला अंगणात सोडत नाहीत. वीज त्यालाच शोधते, असंही म्हणतात.

*

एका घरात भिंतीवरच्या खिळ्याला शर्यतीचे तीन क्रमांक टांगलेले आहेत. ११७, ४०२, ८८. तिन्ही छातीवर लावायचे. एकालाही टाचणीचं भोक नाही.

*

ते घर वैजयंती शिगवणचं. सन २०५३. वय छत्तीस, एसटीच्या आगारात मेकॅनिक. बस फाटकातून आत येतानाच ती सांगायची, "मागचं डावं चाक. आठ दिवस चालंल, मग बसंल." आठव्या दिवशी चाक बसायचं. बसच्या बाबतीत तिला असं पुढचं ऐकू यायचं. स्वतःच्या पायाच्या बाबतीत मात्र ती प्रवासी होती.

सड्याची शर्यत बेचाळीस किलोमीटरची, जांभ्याच्या उघड्या पठारावरून. पहिल्या वर्षी तिच्या नडगीच्या हाडाला चीर गेली, शर्यतीच्या आधी बारा दिवस. दुसऱ्या वर्षी टाच गेली. सकाळी खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की तळव्यात काच घुसल्यासारखं व्हायचं. चार पावलांनी ते विरायचं, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही आणि मग ते विरेनासंच झालं. तिसऱ्या वर्षी गुडघा. जिना चढताना काही नाही, उतरताना मात्र वाटीमागे सुरी. तिन्ही वेळा दुखणं आधी बारीक होतं, तिन्ही वेळा तिनं ते लपवलं, आणि तिन्ही वेळा ती शर्यतीच्या दिवशी रस्त्याकडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती.

"यंदा ती सुटायची रेघ ओलांडली नाय," ती आईला म्हणाली, "तर बूट विहिरीत टाकीन."

"विहिरीत नको," आई म्हणाली. "पाणी पितो आपण."

*

चैत्रात तिनं धागा बसवून घेतला.

धावताना प्रत्येक पावलागणिक हाडाला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. यात वाईट काही नाही. शरीर ते रोज बुजवतं, आणि बुजवलेली जागा आधीपेक्षा टणक होते. हाड असं धावूनच मजबूत होतं. पण तडे भराभर पडू लागले आणि डागडुजी मागे पडली की बारीक तड्यांची चीर होते. धोका असा की दुखायला लागतं ते बरंचसं बिघडल्यावर.

धागा केसाहून बारीक. तो नडगीलगत कातडीखाली बसतो आणि हाडाचा आवाज ऐकतो. माणूस असाच धावत राहिला तर एकवीस दिवसांनी पाय कसा असेल, हे तो ताडतो. तिथे इजा दिसली, तर त्या दिवसाची कळ तो आजच नसेत सोडतो. पाय धड असतो, पण दुखतो. डॉ. श्रीपाद साखळकरांनी या दुखण्याला 'पूर्वकळ' असं नाव दिलं होतं. तीन वर्षांत त्यांच्या केंद्रातल्या कुबड्या अडगळीत गेल्या होत्या.

बसवताना त्यांनी विचारलं होतं, "मी हलका विजेचा झटका देतो. किती दुखतंय ते एक ते दहा आकड्यांत सांगा."

"आकडा कसला? दुखण्याला नाव असतं."

"सांगा नाव."

"ही चमक. आली नि गेली. हां, हे ठुसठुसतंय. गळू पिकल्यासारखं. हा शिणवा, हा चांगला, झोप लागते. आणि हा..." तिचे ओठ आवळले. "हा ठणका. हा हाडातून येतो. पहिल्या साली हाच होता. मी त्याला चमक म्हणत राह्यले."

डॉक्टरांनी चारही शब्द लिहून घेतले आणि धाग्याला तेच शिकवले.

"श्रीपाद," ती टेबलावरची पाटी वाचत म्हणाली. "पायाळू काय ओ तुम्ही?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. "पाय आधी आले म्हणून आजोबांनी नाव ठेवलं. आठवड्याला दोन-तीन गाववाले पाठ धरून यायचे. मी पाच वर्षांचा, त्यांच्या पाठीला लाथ मारायचो. पेरू मिळायचा."

"गुण यायचा?"

"यायचा. का यायचा, ते शोधायला म्हणूनच डॉक्टर झालो. अजून सापडलेलं नाही."

*

शर्यतीला चोवीस दिवस असताना, एका गुरुवारी, ती बसखाली खड्ड्यात उभी असताना डाव्या नडगीत ठणका आला. खोल, रुंद, हाडातला. तिनं बोटांवर मोजलं. चोवीसातून एकवीस गेले, राहिले तीन. शर्यतीच्या तीन दिवस आधी हाड चिरणार.

ती केंद्रात आली मंगळवारी.

"गुरुवारी कळ आली आणि आज येताय?" डॉक्टर म्हणाले. "मधले दिवस काय केलंत?"

"कामावर गेले."

"आणि?"

"जरा धावले."

"जरा म्हणजे?"

"बावीस. रविवारी मात्र नाय. रविवारी डबल ड्युटी होती, तीन गाड्यांची बेअरिंगं."

डॉक्टरांनी हाडाचा फोटो दिव्यासमोर धरला. स्वच्छ होता. "अजून काहीही झालेलं नाही. आजपासून आठवडाभर जमिनीवर धावायचं नाही. पाण्यात धावा. पोटऱ्यांचा व्यायाम. नंतर धावाल तेव्हा पावलं आखूड टाका. झेप लांब घेतली की सगळा दणका नडगीवर."

"बरं. थांबते."

"थांबते म्हणालात. ठणका कमी झाला?"

ती क्षणभर पायाकडे लक्ष देऊन बसली. "नाय."

"मग तुम्ही थांबणार नाही आहात."

"म्हणजे काय ओ? जीभ माझी, मी म्हणते ना!"

"धागा नुसती चाल शिकत नाही, चालढकलही शिकतो. माझ्या वहीत आहे, चैत्रापासून तुम्ही अकरा वेळा विश्रांती घेते म्हणालात. घेतलीत दोनदा. तो तुमच्या जिभेवर विश्वास कशाला ठेवेल?"

"सासूपेक्षा वाईट आहे मेला," ती म्हणाली. पण हसली नाही. तिनं विचारलं, "बंद करता येतो?"

"येतो. दोन मिनिटांचं काम. पाय दुखायचा थांबेल, तुम्ही मोकळ्या धावाल. आणि कदाचित काही होणारही नाही. पूर्वकळ खरी होती का, हे कधीच सिद्ध करता येत नाही. ऐकलं तर इजा होत नाही, आणि न झालेली इजा दाखवायची कशी?"

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला तुम्ही सांगितलेल्या त्या भिंतीवर चौथा क्रमांक टांगलेला दिसतो."

तिच्या पायांत बूट होते, नवे, या शर्यतीसाठी घेतलेले; दारावरची पाटी नुसत्या चपलांबद्दल बोलत होती. तिनं डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढून शेजारी ठेवला आणि पाय पुढे केला.

"राहू दे धागा. पण तुम्ही एकदा पाय लावा."

"वैजयंतीताई, लाथ उसणीला असते. नडगीला नाही."

"चालंल."

"मी शास्त्रज्ञ आहे हो."

"पेरू आणीन."

दार लोटलेलं आहे ना, हे डॉक्टरांनी पाहून घेतलं. स्वतःचा मोजा काढला. पन्नाशीच्या माणसाला एका पायावर उभं राहायला टेबल धरावं लागलं. मग त्यांनी अंगठा तिच्या नडगीला तीनदा टेकवला, हळूच, दार वाजवावं तसा.

"कमी झालं?"

"नाय," वैजयंती म्हणाली. "पण आता थांबेन."

*

देवळाच्या तळीत पाणी गळ्यापर्यंत. आगारातल्या भंगारातून आणलेली ट्यूब काखेत अडकवून वैजयंती जागच्या जागी धावत होती. पाय तळाला लागत नव्हते, गुडघे पोटापर्यंत येत होते, आणि पुढे सरकणं जवळजवळ नव्हतंच.

"काय गो वैजू," पायरीवर कपडे आपटणारी एक बाई ओरडली, "बुडतेस की धावतेस?"

"दोन्ही!"

"बूट घालून ये उद्या. कासवं शिट्टी मारतील!"

हसणं ओसरेपर्यंत तिची पाऊण तासाची धाव झाली होती. मग पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली, पंधरा वेळा, तीन फेऱ्या. टाचेसाठी आणि नडगीसाठी एकच औषध.

आणि ठणका हलू लागला. आधी रुंदी कमी झाली, मग खोली. शुक्रवारी तो नुसता ठुसठुसला. रविवारी कुठे होता ते तिला आठवून शोधावं लागलं. तिनं डॉक्टरांना फोन केला. "पटलं त्याला. विश्वास बसला माझ्यावर."

शर्यतीला अकरा दिवस असताना, बुधवारी, साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी ती सड्यावर गेली. आखूड पावलं. दव वाळत होतं. सोळा किलोमीटर धावायचे होते. सातव्या किलोमीटरला डाव्या पायात काहीतरी आलं.

चमक? तिनं चार पावलं ऐकलं. चमक आली असती तर गेलीही असती. हे बारीक होतं, जेमतेम गुणगुणत होतं, पण हाडातून होतं.

आयुष्यात पहिल्यांदा ती घड्याळ न बघता थांबली. सात किलोमीटर चालत परत निघाली. वाटेत एक टेम्पोवाला म्हणाला, "बसा ताई, सोडतो," आणि ती बसलीदेखील. घरी आईनं तिला टेम्पोतून उतरताना पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"मोडला?"

"नाय. मोडायच्या आधी आले."

आईनं पेज वाढली, वर तुपाचा थेंब सोडला. गेल्या तिन्ही वर्षी तो सोडला नव्हता.

*

शर्यतीच्या सकाळी क्रमांक ३१ ला चार टाचण्या लागल्या. भोंगा वाजला, लोक सुटले, आणि सुटायची रेघ पायाखालून गेली तेव्हा वैजयंतीनं खाली पाहिलं. इतकी साधी रेघ. चुन्याची.

चढावर ती शेवटच्या काहीजणांत होती. उतारांवर चालली, कारण गुडघ्यानं तसं सांगितलं. तेहतिसाव्या किलोमीटरला दोन्ही पोटऱ्या आंबल्या, पण तो शिणवा होता, चांगला, त्याला तिनं चालू दिलं. एक तरुण मुलगी रस्त्याकडेला नडगी धरून बसली होती. वैजयंतीनं तिच्याजवळ थांबून विचारलं, "चमकतं की ठणकतं?" मुलीला फरक कळेना. तिला तो समजावून सांगण्यात चार मिनिटं गेली. मुलगी रुग्णवाहिकेत बसली, आणि वैजयंती पाच तास एकोणचाळीस मिनिटांनी दुसरी रेघ ओलांडून गेली. पोचली तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती. आई टाळ्या वाजवत होती, एकटीच, पण जोरात.

*

धागा नसेशी बोलतो, बाकी कुणाशी नाही. त्याच्यातल्या नोंदी वाचायच्या तर तो बाहेर काढावा लागतो. शर्यतीनंतरच्या सोमवारी डॉक्टरांनी तो काढला आणि काचेच्या बशीत ठेवला. वैजयंतीनं पिशवीतून चार पेरू काढून टेबलावर मांडले.

"नवा घाला," ती म्हणाली. "पण असाच. ह्याच्याशिवाय मी पाऊल टाकणार नाय. त्या बुधवारी त्यानं सांगितलं नसतं तर मी सोळा पुरे करून आले असते, आणि मग होताच भिंतीवर चौथा."

"घालू की." डॉक्टर नोंदींच्या पडद्याकडे पाहत होते. त्यांनी एकदा वर पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. बोटानं तारखा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"आत्ता," त्यांनी सावकाश विचारलं, "कुठे काही दुखतंय?"

वैजयंतीनं मान कलती केली. बस फाटकातून आत येताना करायची तशी.

"उजव्या टाचेत. अगदी बारीक. अजून आलेलं नाय, पण येईल. दोन-तीन आठवड्यांनी. आजपासून पायरीवर टाचा सुरू केल्या तर नाय येणार." मग तिचं लक्ष बशीकडे गेलं. धागा तिथेच होता. "सवय लागली असंल ओ," ती म्हणाली, आणि आपल्या टाचेकडे बघत राहिली. कुणी ओळखीच्या आवाजात हाक मारावी आणि मागे वळून पाहिलं तर कुणी नसावं, तशी.

डॉक्टरांनी एक पेरू उचलला, पण खाल्ला नाही.

शर्यतीला एकवीस दिवस असताना, त्या डबल ड्युटीच्या रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, आगारात बेअरिंग तापवायच्या इंडक्शन शेगडीला वैजयंती शिगवणची डावी नडगी टेकली, आणि धागा बंद पडला.