केकची टोपी

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली तेव्हा धाकटीच्या हातात गरम केकचा टिन होता आणि समोरच्याच्या हातात पुठ्ठ्याच्या खोक्यांची एवढी उंच चळत, की माणसाला तोंडच नव्हतं.

"अहो, बघून चाला की!"

"दिसलं तर बघणार ना..." चळतीमागून आवाज आला.

चळत जरा तिरकी झाली आणि दोन डोळे बाहेर आले. माणूस माफी मागेल, असं धाकटीला वाटलं. त्याने चक्क लांब श्वास घेतला.

"दालचिनी. आणि संत्र्याची साल... बरोबर?"

"आणि भाजलेला अंगठा," ती फणकारली, "तुमच्या कृपेने."

तो हसला. धाकटी हसली नाही; पण खाली आल्यावर अंगठा गार पाण्याखाली धरून ती बराच वेळ उभी राहिली. पाणी वाहत होतं आणि बाईसाहेबांचं लक्ष भलतीकडेच होतं.

नाताळ जवळ आला की या घरात दोनच जागा जाग्या असत. खालचं स्वयंपाकघर धाकटीचं. मनुका, बेदाणे, खजूर बारीक चिरून संत्र्याच्या रसात मुरवायचे, साखर करपेपर्यंत पाक काळा करायचा, पीठ फेटायचं आणि ओव्हनपुढे उभं राहायचं. वरची उजेडाची खोली ताईची. तिथे केकवर पांढरंशुभ्र आयसिंग चढे, त्यावर साखरेची फुलं, हिरवी पानं, लालचुटुक फळं. मग केक घ्यायला आलेली माणसं म्हणत, "वा! ताईंच्या हातात जादू आहे हं!" आणि रात्रंदिवस ओव्हनपुढे शेकणारी धाकटी दाराआड उभी राहून ओठ चावायची.

एवढं तिला सवयीचं झालं होतं. पण या वर्षी खोकेवाला आला.

आधीचा म्हातारा खोकेवाला गावी निघून गेला, म्हणून आईने हा नवा शोधला. हा खोकी मापून करायचा. ऑर्डरींआधी ताई नमुन्याचे केक सजवायची, फुलं दर खेपेला वेगळी, कधी बसकी, कधी उंच. म्हणून दर शनिवारी टेप घेऊन हजर. जाताना स्वयंपाकघराच्या दारात डोकवायचा.

"अंगठा काय म्हणतोय?"

"बोलत नाही तुमच्याशी."

"आणि अंगठ्याची मालकीण?"

"तिला कामं आहेत!"

तो जिना चढून जायचा. मग धाकटीचे कान छताला लागायचे. वर खुर्ची सरकली. ताई हसली. तो काहीतरी म्हणाला. ताई पुन्हा हसली... अरे, एका केकची उंची मोजायला एवढा वेळ? याच्या टेपवर आकडे आहेत की गोष्टी?

एका शनिवारी तिला राहवलं नाही. चाळणी न्यायचं निमित्त काढून ती वर गेली आणि दारातच थबकली.

या घरची एक रीत होती. केक भाजताना मध्ये फुगतो, टेकाड होतं. सजवण्याआधी ते टेकाड सुरीने आडवं कापून काढायचं, म्हणजे माथा सपाट. त्या कापलेल्या चकतीला घरात टोपी म्हणत. तर ताई टोपीचा तुकडा मोडून खोकेवाल्याला देत होती, आणि तो डोळे मिटून खात होता. अगदी मिटून! हातावर पडलेला चुरासुद्धा त्याने टिपून खाल्ला.

"अजून देऊ?" ताईने विचारलं.

"नेहमी विचारता आणि नेहमी देता. विचारता कशाला?"

म्हणजे हे नेहमीचं होतं तर. धाकटी चाळणी न घेताच खाली आली. पोटात असा काही जाळ उठला होता, की ओव्हन न पेटवताही चार केक भाजून निघाले असते. फळं चिरायची मी, पाक जाळायचा मी, आणि टोपी भरवायची ताईने?

त्या दुपारी तिने जुना टॉवेल फाडला. त्याच्या लांब पट्ट्या पाण्यात बुडवून पिळल्या आणि टिनाभोवती घट्ट बांधल्या. ओल्या पट्टीने टिनाच्या कडा गार राहतात, केक सगळीकडे सारखा चढतो, टेकाड येत नाही, हे तिला केव्हापासून ठाऊक होतं. कधी गरज पडली नव्हती, इतकंच. केक बाहेर आला तो पाटासारखा सपाट.

"घे," ती मनात म्हणाली. "भरव आता टोपी."

ताईला तर आनंदच झाला. "अगं, कापावंच लागलं नाही! किती शहाणी गं माझी धाकटी."

शहाणीने पट्ट्या पुन्हा पाण्यात बुडवल्या. पुढचे, ऑर्डरीचे सगळे केक पट्ट्या बांधूनच झाले. पुढच्या शनिवारी खोकेवाला नुसता वर डोकावून लगेच खाली उतरला. मापं तर घेऊन झालीच होती, खोकी कापायला टाकली होती. स्वयंपाकघराच्या दारात तो घुटमळला.

"हल्ली टोप्या... निघत नाहीत वाटतं?"

"नाही. का? उपाशी राहिलात?"

"राहिलो खरा."

चेहरा एवढासा करून तो गेला. धाकटीने जिंकल्यासारखं पीठ फेटलं. पण जिंकल्यासारखं काही वाटेना. वरून हसणं ऐकू आलं नाही, हे खरं. पण आता तो थांबतही नव्हता, हेही तितकंच खरं.

केक पोचवायचा दिवस उजाडला. बाहेर अवकाळी भुरभुर पाऊस, आत टेबलावर सजलेल्या केकांची रांग. खोकेवाल्याने पहिलं खोकं उभं केलं, केक अलगद आत ठेवला, झाकण लावलं... आणि आतून चुर्र आवाज आला.

ताई किंचाळली. झाकण काढलं तर साखरेचं फूल भुगा होऊन पडलेलं.

त्याने दुसरं खोकं घेतलं, झाकण नुसतं वर धरून पाहिलं. फुलांना टेकत होतं. तिसरंही तसंच. टेप काढून मापलं, पुन्हा मापलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"बोटभर कमी पडतंय... सगळ्यांत. माझंच माप चुकलं असणार."

"चुकलं असणार?" आई कडाडली. "संध्याकाळपर्यंत लोक दारात येतील! काय सांगू त्यांना, केक हातात धरून न्या? हे असलं काम असेल तर पुढच्या वर्षी नका येऊ तुम्ही. आम्ही दुसरा माणूस बघू."

तो मान खाली घालून उभा. आणि धाकटीच्या एकदम लक्षात आलं. टोपी कापलेल्या नमुन्याच्या केकांवर त्याने माप घेतलं होतं. पट्ट्या बांधलेले केक कडेपर्यंत चढले, बोटभर उंच झाले. माप त्याचं चुकलं नव्हतं, डोकं हिचं फिरलं होतं. आता गप्प बसलं तर हा माणूस या जिन्यावर पुन्हा दिसणार नाही.

"आई, त्यांची चूक नाही," ती म्हणाली. "टिनाला ओल्या पट्ट्या मी बांधल्या. म्हणून केक उंच झाले."

"पण का?" आईने विचारलं.

आता काय सांगणार? कान तापून लाल झाले.

"टोपी निघू नये म्हणून."

"टोपी निघू नये म्हणून? अगं, पण का?"

"कारण... ताई यांना भरवत होती!"

ताईला हसू फुटलं. ती हसली, हसतच खुर्चीवर बसली. "वेडाबाई! तो टोपीसाठी यायचा. मला तर आयसिंग बाजूला ठेवा म्हणायचा. माझ्या गुलाबाला कोबी म्हणाला मेला!"

"मला गोड फुलं जात नाहीत," खोकेवाला पुटपुटला. तो धाकटीकडे बघत होता, कान तिच्याइतकेच लाल. "वरचं सगळं ताईंचं असतं. टोपीत मात्र... नुसतं तुमचं असतं. दुसऱ्या कुणाचंच नाही. खाली मागायची हिंमत नव्हती. तुमचा अंगठा बोलत नव्हता ना माझ्याशी."

आई "कामाला लागा," म्हणाली, पण आवाज उतरला होता. त्याने उरलेल्या पुठ्ठ्याच्या बोटभर पट्ट्या कापल्या, प्रत्येक खोक्याच्या काठाला कॉलरसारख्या चिकटवायच्या ठरल्या. पट्टी धरायला एक माणूस हवा होता. ताई पुढे झाली, तशी धाकटी चटकन मध्ये शिरली.

"मी धरते. तू तुझा कोबी नीट कर."

ताईने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "खरं सांगू? एक आठवडाभर मलाही वाटलं होतं, माझ्यासाठीच येतोय." मग तिने सुस्कारा सोडला आणि नवीन फूल वळायला घेतलं. धाकटीला एकदम तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण हातात डिंक होता.

अंधार पडायच्या आत शेवटचं खोकं गेलं.

नाताळच्या सकाळी तो आला तेव्हा हातात एकच खोकं होतं, छोटं, गोल, जाड पुठ्ठ्याचं.

"हे कुठल्या केकचं?" धाकटीने विचारलं.

"केकचं नाही. टोपीचं."

"ऑर्डरी तर संपल्या. आता कुठली टोपी?"

"म्हणून तर जाड केलंय... बरीच वर्षं टिकेल." तो घुटमळला. "म्हणजे, तू भरत राहिलीस तर."

तिने ओव्हन उघडला. आज पट्टी नव्हती, आणि केक मध्ये असा काही फुगला होता, की टिनात मावेना. निवायचीही वाट न बघता तिने सुरी घेतली, चांगली जाडजूड टोपी कापली आणि अख्खी त्या खोक्यात ठेवली. नेमकी बसली.

वासाने ताई खाली आली आणि तिने सवयीने खोक्याकडे हात लांबवला.

धाकटीने फटकन झाकण लावलं.

"केक अख्खा घे, ताई," ती म्हणाली. "टोपीला हात लावायचा नाही."