मुक्काम सुरूबंदर

"तिसरं घरबी गेलं!"

भक्ती फोन उंच धरून धावत आली आणि शाळेच्या व्हरांड्यात धपकन बसली. दिवाळीची सुट्टी लागल्यामुळे बोरीच्या शाळेला कुलूप होतं. पण व्हरांड्याला कोण कुलूप लावणार? तिची चुलत बहीण राजेश्री आणि वर्गातला सिद्धोधन तिथे आधीच फतकल मारून बसले होते.

"गेलं म्हंजे?" राजेश्री ओरडली. "सकाळी तर हो म्हणले होते!"

"सकाळी हो, आता न्हाई! हे वाच."

सिद्धोधननं मोठ्यानं वाचलं, "'तुमच्या माणसांना जागा देणं आम्हाला जमणार नाही.' अरे बापरे! लय रागात हायत. काय लिहिलं होतंस तू?"

"नमस्कार लिहिलं, कृपया लिहिलं, आभारी आहे लिहिलं! अजून काय लिहू, आरती?"

भक्तीचा चेहरा रडवेला झाला होता, आणि त्याला कारणही तसंच होतं.

कोकणात सुरूबंदर नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे साधनाताई मुलांना सर्फिंग शिकवतात. लांबट फळीवर उभं राहायचं आणि लाटेवरून घसरत किनाऱ्याला यायचं! भक्तीनं ते फोनवर पाहिलं आणि तिला दुसरं काही सुचेना. या सुट्टीत तिथे खास शिबिर होतं. त्याची अट एकच : मुलाबरोबर आई किंवा बाप हवा, आणि त्यानंही पाण्यात उतरायचं.

भक्तीनं घाबरत घाबरत वडिलांना विचारलं होतं. मल्हार मेंढरं राखायचा. त्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता. क्षणभर विचार करून तो म्हणाला होता, "येलदरीच्या धरणात पवतो की मी. लाट म्हंजे तरी काय? हलणारं पाणीच. जाऊ!"

एवढं सोपं! भक्तीला तेव्हा वाटलं होतं, असा बाप अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

पण सुरूबंदरला राहायचं कुठे? साधनाताईंनी तीन घरांचे नंबर दिले. तिन्ही घरांनी आधी हो म्हटलं आणि मग तडकाफडकी नाही! संध्याकाळपर्यंत राहण्याचं ठरलं नाही, तर त्या दोघांची जागा दुसऱ्यांना जाणार होती. दिवाळी सरली की मल्हार मेंढरं घेऊन बाहेर पडणार, तो पावसाळ्याच्या तोंडावरच परतणार. पुढच्या वर्षी भक्ती परभणीला वसतिगृहात. बापलेकीची एकत्र सुट्टी काय ती हीच.

"एकदा झालं तर ठीक," सिद्धोधन हनुवटी खाजवत म्हणाला. "तिन्ही येळा कसं? कुणीतरी मधी काडी घालायलंय!"

"पण नंबर ठाऊक कुणाला हायत?" राजेश्रीनं विचारलं.

"दादांनी दोघांना दिलेत," भक्ती म्हणाली. ती वडिलांना दादा म्हणायची. "एक दत्तराव काका, त्यांचं कोकणात येणंजाणं हाय म्हणून. आन् दुसरे आपले आबा. मुक्काम कुठं करायचा हे आबाच बघतेत ना!"

आबा म्हणजे आजोबा, आश्रुबा. मेंढरं घेऊन सगळी भावकी निघाली की रोजचा मुक्काम तेच ठरवत.

"मग दत्तराव काकाच!" सिद्धोधननं मांडीवर थाप मारली. "परवा पारावर काय म्हणले? 'मल्हारा, आदी माझ्या रानात मेंढरं बसव, हरभरा पेरायचाय मला. मग जा समुद्रात बुडायला!' लोक काय हसले!"

"आन् दादा?"

"तुझे दादा सगळ्यात जास्त हसले," सिद्धोधन म्हणाला. "पण जायचं काई रद्द केलं न्हाई!"

"काका असले तरी पुरावा पायजे," राजेश्री म्हणाली. ती मोठेपणी वकील होणार होती आणि सराव आत्तापासूनच चालू होता. "आन् न्याय सगळ्यांना सारखा. आबांनाबी तपासायचं!"

"आबांना? येडी का काय तू!" भक्ती म्हणाली.

पण राजेश्रीची युक्ती झकास होती. तिचा भाऊ भुजंग कॉलेजातून दिवाळीला घरी आला होता आणि त्याच्या नव्या फोनमध्ये दोन सिम होती. गावात ते नंबर कुणाकडेच नव्हते. एक लाडू देऊन फोन मिळाला. मग भक्ती दत्तरावांकडे गेली. "काका, चौथं घर मिळालं! हा नंबर!" तो पहिल्या सिमचा. तशीच ती आबांकडे गेली. "आबा, चौथं घर!" तो दुसऱ्या सिमचा. आता फोन कुठल्या सिमवर वाजतो, एवढंच बघायचं होतं.

तिघं व्हरांड्यात दबा धरून बसले. थोड्याच वेळात फोन थरथरला.

"सिम एक! काका! सापडले!" राजेश्री कुजबुजली.

सिद्धोधननं घसा खाकरला, आवाज जाड केला आणि फोनचा स्पीकर लावला. "हॅलो, नारळीबाग निवास. बोला हो!"

"नमस्कार. बोरीहून दत्तराव बोलतो, जिल्हा परभणी. आमच्या गावचा मल्हार तुमच्याकडं येणार हाय, लेकीला घेऊन."

भक्तीनं मुठी आवळल्या.

"माणूस लाजाळू हाय. मागून काई घेणार न्हाई. म्हणून मीच सांगतो, खोली समुद्राकडची द्या. आन् फळीवरून पडला म्हणून कुणी दात काढले, तर मला फोन करा, मी बघतो त्याच्याकडं! पहिल्या तीन घरांनाबी हेच सांगितलं होतं, कुठं माशी शिंकली कळंना."

सिद्धोधनचा जाड आवाज एकदम बारीक झाला. "ब... बरं. देतो समुद्राकडची."

फोन बंद झाला.

"आपण काकांना काय काय बोललो!" भक्ती पुटपुटली.

"मी न्हाई बोलले," राजेश्री म्हणाली. "मी पुरावा मागितला होता."

तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. सिम दोन!

"राम राम! आश्रुबा बोलायलोय. मुक्कामाचं ठरवायचं होतं."

"हां हो, बोला."

"दोन माणसं हायत. मग, काय देता?"

"आं?" सिद्धोधन गडबडला. "आमी द्यायचं?"

"मग काय आमी द्यायचं? दोन्ही येळची भाकर तर आलीच. वरून काय? तुमच्याकडं ज्वारी न्हाई म्हणतेत, तर तांदूळ चालंल."

"पण... पाव्हण्यांनीच भाडं द्यायचं असतं हो!"

"भाडं?" आबांचा आवाज चढला. "आवं, उभ्या जन्मात मुक्कामाचं भाडं दिलं न्हाई आमी! मालक आपल्या पायानं येतेत बोलवायला. माझा मल्हार एकदा ज्या रानात उतरला, त्या रानाचा धनी पुढच्या साली वाटंकडं डोळे लावून बसतो. भर पुरात कोकरू खांद्यावर घेऊन नदी पार केलेला माणूस हाय त्यो! आन् त्याच्याकडून तुमी भाडं घेणार? ऱ्हाऊ द्या तुमची जागा!"

खट्!

राजेश्रीनं तोंडावर ओढणी दाबली होती, पण हसू काही दबेना. भक्तीही पोट धरून हसायला लागली.

"अरे, पण हसायलात काय? मला सांगा की!" सिद्धोधन चिडला. त्याच्या घरी मेंढरं नव्हती.

"अरे, मेंढरं रानात बसली की त्यांच्या लेंड्यांचं फुकट खत मिळतं," राजेश्रीनं सांगितलं. "म्हणून शेतकरीच धान्य देतो, जेवण देतो. आमच्यात मुक्काम करणाऱ्याला मिळतं, त्यानं द्यायचं नसतं. आबांना दुसरी रीत ठाऊकच न्हाई!"

भक्तीचं हसू मात्र मधेच थांबलं. आबा दादांबद्दल काय काय बोलले! तोंडावर त्यांनी असं एकदाही म्हटलं नव्हतं.

तिघं धावतच मल्हारकडे गेले. तो हौदावर मेंढरांना पाणी पाजत होता. सगळं ऐकून त्यानं डोक्याला हात लावला.

"आबा म्हणले, मानसं बरी न्हाईत तिथली. मी मुंडी हलवली. पुढं इचारलंच न्हाई गं!"

"आता तुमीच सांगा आबांना."

"मी?" पुरात उडी घेणारा मल्हार दोन पावलं मागे सरला. "मला न्हाई जमायचं. त्यांचा मान हाय तो."

खरंच होतं ते. आबांना चुकलं म्हणायचं नाही आणि घर तर पाहिजे. सूर्य कलायला लागला होता. भक्तीनं पहिल्या घराचा नंबर लावला.

"सुलाबाई, मी बोरीची भक्ती. रागावू नका. आधी माझं सगळं ऐकून घ्या."

तिनं मेंढरं, रानं, लेंड्या, सगळं सांगितलं. पलीकडून एकदम खळखळून हसू आलं. "अगो बाई! असं होय! मला वाटलं, कोणीतरी धमकावतोय. काय देता, म्हणे! पण काय गो, लेंडीखत खरंच एवढं चांगलं असतं? माझी आंब्याची कलमं यंदा अगदीच मरगळलीत."

भक्तीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "सुलाबाई, हेच आबांना इचाराल? माझ्यासाठी?"

फोन घेऊन ती बाजेवर बसलेल्या आबांकडे गेली. "आबा, सुरूबंदरच्या एक मालकीणबाई हायत. त्यांना खत पायजे. तुमीच बोला."

आबा सावरून बसले. अशी बोलणी म्हणजे त्यांचा हातखंडा! कलमं किती मोठी, माती कसली, पाणी कुठून, त्यांनी सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "पोतं भरून धाडतो मल्हारसंगं. तुमी काय देता?"

"खोलीचं भाडं ठरल्यासारखं घेईन हो, मला घर चालवायचं आहे," सुलाबाई ठामपणे म्हणाल्या. "पण दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडून. आणि येताना तांदूळ देईन बांधून."

आबांनी डोळे मिटून हिशेब केला.

"मेंढरं संगं न्हाईत म्हणल्यावर थोडं आमीबी सोसू," आबा म्हणाले. "ठरलं!"

"ठरलं!" तिघं एवढ्यानं ओरडले की शेळ्या बावचळून उठल्या.

आठवड्यानं आबांच्या बाजेभोवती ही गर्दी झाली. साधनाताईंनी किनाऱ्यावरून व्हिडिओ कॉल लावला होता. भुजंगचा फोन राजेश्रीनं धरला होता आणि दत्तराव सगळ्यांत पुढे होते.

पडद्यावर मल्हार फळीवर चढला आणि पडला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. आजूबाजूला शहरातले आईबाप होते. त्यातले काही दमून वाळूत बसले होते. मल्हार नाकातोंडातलं पाणी पुसायचा, लेकीकडे बघून हसायचा आणि फळी ओढत परत आत जायचा. भक्तीला तर केव्हाच उभं राहता यायला लागलं होतं. पण ती आपली फळी सोडून छातीएवढ्या पाण्यात त्याच्याजवळ थांबली होती.

"दादा, गुडघा! आता पाय! उठा!"

आणि मल्हार उठला! हात पसरून, वाकडातिकडा, पण उभा! लाट त्याला घेऊन किनाऱ्याकडे निघाली, आणि भक्ती पाणी उडवत, किंचाळत त्याच्या बाजूनं धावत सुटली.

"आरं वा रं पठ्ठ्या!" दत्तरावांनी टोपीच उडवली.

थोड्या वेळानं दोघांचे ओले चेहरे पडद्यावर आले. "आबा, बघितलं का?" मल्हारनं धापा टाकत विचारलं.

"बघितलं," आबा म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला. "आन् राजेश्रीनं मला सगळं सांगितलंय बरं का. नारळीबाग निवासाचे मालकबी भेटले मला!"

सिद्धोधन पटकन दत्तरावांच्या पाठीमागे लपला. सगळे हसले.

"लय हुशार पोरं हायत," आबा म्हणाले. "माझा मान राखला, कामबी केलं. मल्हारा, ऐक. औंदा मेंढरं बाहेर काढताना पहिला मुक्काम कुठं करायचा, ते मी ठरवणार न्हाई."

"मग कोण, आबा?"

"भक्तीला इचार."