आठपट लहान टिटवी

इरावतीने गणित पाटीवर तीनदा तपासून पाहिलं आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं.

"आबा, पाचशे बारा किलो येतात. एवढं जड मॉडेल आपण दोघं उचलणार कसे?"

तिचे आजोबा विश्राम खानविलकर निवृत्त विमान-अभियंते होते. पस्तीस वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, त्यांनी 'टिटवी' नावाच्या छोट्या जेट विमानाचा आराखडा काढला होता. पण प्रकल्प बंद झाला आणि टिटवी कागदावरच राहिली. या सुट्टीत इराने ते कागद पाहिले आणि हट्टच धरला. टिटवी बांधायची, खरी नाही तर नाही, रिमोटवर उडणारी, आठपट लहान.

"खऱ्या टिटवीचं वजन चार हजार शहाण्णव किलो. त्याला आठाने भागलं," इरा म्हणाली.

आबांनी लाकडाचे उरलेले चौकोनी ठोकळे तिच्यापुढे सरकवले. "याच आकाराचा, पण लांबी दुप्पट असलेला ठोकळा रच."

तिने दोन ठोकळे शेजारी ठेवले. तेवढ्याने जमेना. रुंदीही दुप्पट हवी, उंचीही. रचून झाल्यावर तिने मोजले, तर आठ ठोकळे लागले होते.

"दोन गुणिले दोन गुणिले दोन," ती हळूच म्हणाली. "म्हणजे आठपट लांबीच्या ठोकळ्याला..."

"पाचशे बारा ठोकळे लागतील. वजन घनफळावर (वस्तूने व्यापलेल्या जागेवर) ठरतं. चार हजार शहाण्णवला पाचशे बाराने भाग."

"आठ किलो!" इराच्या अंगावर काटा आला. एवढं मोठं विमान आणि त्याची हुबेहूब प्रतिकृती दप्तराएवढ्या वजनाची.

"आणि पंख?" आबांनी विचारलं.

पंखांना तिने लांबी आणि रुंदी एवढीच धरली. आठ गुणिले आठ. पंखांचं क्षेत्रफळ चौसष्टपट कमी, वजन मात्र पाचशे बारापट कमी. म्हणजे पंखाच्या प्रत्येक वीतभर तुकड्यावर खऱ्या विमानाच्या एक-अष्टमांशच भार.

"म्हणून ती कमी वेगातही उडेल," आबा म्हणाले. "उत्थापक बल (वाहती हवा पंखाला वर उचलते तो जोर) वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट, तर जोर चौपट. आपल्याला तेवढ्याच तुकड्यावर जोर आठपट कमी पुरतो. मग वेग किती पटीने कमी चालेल?"

स्वतःनेच गुणल्यावर आठ येतील अशी संख्या इरा शोधत बसली. दोन कमी पडले, तीन जास्त झाले. शेवटी दोन पूर्णांक त्र्याऐंशी शतांश सापडले. खरी टिटवी ताशी एकशे सत्तर किलोमीटरला जमीन सोडणार होती, छोटी साठला सोडणार.

पुढचे सात आठवडे कार्यशाळेत गेले. यंत्रहाताने पंखांच्या फासळ्या कापल्या, इराने त्या घासून चिकटवल्या. पंखांत झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारी बसल्या, पोटात शेवाळापासून बनवलेल्या इंधनाची टाकी आणि शेपटीत मुठीएवढं जेट इंजिन. ते पुढून हवा ओढायचं, दाबायचं, इंधनासोबत जाळायचं आणि तापलेला झोत मागे फेकायचं. झोत मागे, म्हणून विमान पुढे. पहिल्यांदा ते सुरू झालं तेव्हा त्या सुरात खिडक्यांची तावदानं थरथरली.

रंग वाळल्यावर त्यांनी विमान काट्यावर ठेवलं. साडेअकरा किलो.

इराचा चेहरा उतरला. "साडेतीन किलो जास्त. आता नाही उडणार."

"पंखांवरचा पत्रा आठपट पातळ केला असता तर बोटाने फाटला असता. गोंद, तारा, मोटारी आपल्या सोयीने लहान होत नाहीत," आबा म्हणाले. "जड विमानही उडतं. फक्त जास्त वेग मागतं. किती, ते तू सांग."

तिने सांगितलं, "बहात्तर."

रविवारी सकाळी ते माळावरच्या जुन्या धावपट्टीवर गेले. आबांचे हात कापत असल्याने रिमोट इराकडे होता. पट्टीच्या टोकाला बाभळी होत्या. विमान एकच होतं, दुसरं बांधायला सुट्टी उरली नव्हती.

टिटवी धावू लागली. कानातलं यंत्र वेग सांगत होतं. चाळीस. पन्नास. साठला नाक उचलण्यासाठी इराचा अंगठा शिवशिवला. बाभळी जवळ येत होत्या.

"आबा?"

"गणित तुझं आहे," आबा शांतपणे म्हणाले.

तिने अंगठा रोखून धरला. पासष्ट. सत्तर. बहात्तर. तिने रिमोटची काडी हलकेच मागे ओढली आणि चाकांखालची धूळ एकदम थांबली. टिटवी बाभळींवरून गेली, वळली, आणि तिच्या पांढऱ्या पंखांवर ऊन चमकलं. पाटीवरच्या एका आकड्याचं हवेने ऐकलं होतं.

आबा मान वर करून पाहत राहिले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. "वळताना डावीकडे जरा झुकते," ते म्हणाले. "आराखडा काढतानाच मला वाटलं होतं."

टिटवी सुखरूप उतरली. गरम इंजिन निवेपर्यंत दोघं तिच्याशेजारी गवतात बसले.

"मंगळावर वजन इथल्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त भरतं ना?" इराने विचारलं.

"हो. पण हवा शंभरपट विरळ."

"म्हणजे पंख फार मोठे लागतील. किंवा वेग." तिने पाटी मांडीवर घेतली. "थांबा, काढते."