माणिकराव रिव्हर्स घेत नाहीत

सुलतानपुरात आमच्या अंगणाला दोन फाटकं आहेत. एकातून ट्रॅक्टर आत येतो, दुसऱ्यातून बाहेर जातो. कारण माझे सासरे, माणिकराव, ट्रॅक्टर कधीच रिव्हर्स घेत नाहीत.

"ह्यायच्यापायी चोरांचीबी सोय झाली," सासूबाई म्हणतात. "एका फाटकातून या, दुसऱ्यातून जा."

बाबा, म्हणजे सासरे, एकाहत्तरच्या लढाईत रणगाड्याचे ड्रायव्हर होते. कमांडर सव्वीस वर्षांचे लेफ्टनंट. बाबा त्यांना नुसतं 'साहेब' म्हणतात. सोबतचे दोन रणगाडे जळाले तेव्हा वायरलेसवरून माघार घ्यायचा आदेश आला. साहेबांनी कळवलं, मागच्या नाल्यात आपले जखमी आहेत, ते निघेपर्यंत जागा सोडणार नाही. मग बाबांच्या कानातल्या फोनवर म्हणाले, "ड्रायव्हर, मागे नाही." एकट्या रणगाड्यानं संध्याकाळपर्यंत शत्रूला अडवलं. जखमी सगळे वाचले. बाबांनी वर चढून पाहिलं, तर साहेब गार पडलेले. गोळा दुपारीच लागला होता, असं गनरनं सांगितलं. बाबांच्या कानात मात्र हुकूम दिवस मावळेपर्यंत येत होते.

मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलंय मी. धक्क्यानं असं होतं, एवढं मला माहीत होतं.

गेल्या ऑक्टोबरात मागच्या, बाहेर जायच्या फाटकासमोर पाइपलाइनसाठी नाली खोदली. ट्रॅक्टर आत अडकला. सोयाबीननं भरलेली ट्रॉली पुढच्या फाटकाबाहेर, जोडायची राहिलेली.

"बाबा, फक्त पंधरा फूट मांगं घ्या," प्रसेनजित, माझा नवरा, वैतागून म्हणाला. "नाही तर मी घेतो."

"तू नको." बाबा स्वतःच वर चढले.

मी ओट्यावर उभी होते. प्रेरणा झाल्यापासून मला बघत राहायची सवयच जडली आहे. विहीर, वायरी, कुत्री, चाकं. तीन वर्षांची पोर, क्षणात कुठे जाईल नेम नाही. पण ती आत सासूबाईंजवळ खेळत होती. ते बघूनच मी बाहेर आले होते.

इंजिन सुरू झालं. गिअर पडल्याची खरखर आली. ट्रॅक्टर हलला नाही.

बाबांनी दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून धरले होते.

"जी, साहेब."

"काऊन थांबले, बाबा? सोडा ना क्लच!" प्रसेनजित ओरडला.

क्लचवरचा पाय त्यांनी दाबूनच ठेवला. "साहेब म्हणून राह्यले, मांगं आपली माणसं आहेत."

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या, कणकेचे हात तसेच. "समता, पोरगी तुह्यापाशीच आहे ना?"

मी धावले.

मागच्या मोठ्या चाकाला पाठ टेकून प्रेरणा भुसकटात बसली होती.

मी तिला उचललं.

"घेतली, बाबा," मी ओरडले. "घेतली तिला!"

"या आता मांगं," प्रसेनजित म्हणाला.

बाबांनी वळूनही पाहिलं नाही. कानांवरचे हात तसेच.

"साहेब दोन म्हणून राह्यले. तिनं एकच उचललं."

मी वाकून चाकाखाली पाहिलं. भुसकट होतं. दुसरं काही नव्हतं.

"दुसरं कोण, बाबा?"

त्यांनी कान आणखी घट्ट दाबले.

"लहान आहे म्हणतात."

प्रेरणा माझ्या खांद्यावरून खाली बघत होती. मग ती माझ्या कडेवर जराशी सरकली, जागा करून दिली, आणि कुणाला तरी वर घ्यायला हात खाली केला.